गादीवाफ्यांवर ठिबक सिंचन : आधी विहिरीचे माप, मग वाफ्यांची आखणी

महाराष्ट्रातील लागवडीखालच्या जमिनीपैकी चार पंचमांशाहून अधिक जमीन आजही पावसावर अवलंबून आहे. १९७२ च्या दुष्काळाने राज्याला पाण्याचे मोल शिकविले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या धड्याची पुन्हा आठवण झाली. ज्या शेतकऱ्याजवळ विहीर आहे तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या तुलनेने भाग्यवान खरा. परंतु त्याची विहीरही बहुधा माघ-फाल्गुनापर्यंतच भरवशाची असते. अशा विहिरीवर दहा-वीस गुंठे भाजीपाला घेऊन घरखर्च भागविणारी लाखो कुटुंबे आपल्या राज्यात आहेत. गादीवाफा आणि ठिबक सिंचन यांची जोड या कुटुंबांच्या विशेष उपयोगाची आहे.

मात्र ठिबक संच म्हणजे पाणी निर्माण करणारे यंत्र नव्हे, ही गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. विहिरीत जे आहे तेच पाणी तो मोजून देतो. मोजण्याची ही सवय शेतकऱ्याने स्वतः लावून घेतली नाही, तर नळ्या बसवूनही ऐन फळधारणेच्या वेळी पीक पाण्यावाचून वाळते. म्हणून या लेखात संचाची माहिती देण्याबरोबरच त्यामागील हिशेबही मांडला आहे. तो अवघड नाही. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणासही तो करता येईल.

गादीवाफा आणि वाफसा

महादेवाच्या पिंडीवर थेंब थेंब पाणी सोडणारी गळती आपल्या परिचयाची आहे. झाडाच्या मुळाशी मातीचे मडके पुरून ते पाण्याने भरून ठेवण्याची पद्धतही आपल्याकडे जुनी आहे. आधुनिक ठिबक सिंचनाचा विकास इस्राएलमध्ये झाला. तेथे १९६५ नंतर प्लास्टिकच्या तोट्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्राने १९८६-८७ पासून या पद्धतीसाठी अनुदान देण्यास प्रारंभ केला, आणि पुढे जळगावची केळी व नाशिकची द्राक्षे यांच्या बागांतून ती सर्वत्र पसरली.

ठिबकचा खरा लाभ केवळ पाण्याच्या बचतीत नाही. जमिनीत पाणी आणि हवा या दोहोंचे योग्य प्रमाण असते त्या स्थितीला शेतकरी 'वाफसा' म्हणतात. मोकाट पाणी दिले की पहिले दोन-तीन दिवस मुळांना हवा मिळत नाही, आणि पुढील पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस पाणी मिळत नाही. मधले थोडे दिवसच काय तो वाफसा असतो. ठिबकने रोज थोडे पाणी दिल्यास वाफसा सतत टिकतो.

गादीवाफा हेच काम दुसऱ्या बाजूने करतो. काळ्या, भारी जमिनीत निचरा मंद असतो. अशा जमिनीत सपाट रानावर लावलेली मिरची किंवा टोमॅटो एखाद्या जोराच्या पावसाने मर आणि मूळकूज यांना बळी पडतो. उंच वाफ्यावरील जादा पाणी सरीत उतरते व मुळे मोकळ्या, भुसभुशीत मातीत राहतात. माणसाची पावले व अवजारे सरीतून जात असल्याने वाफ्याची माती दबत नाही. हलक्या जमिनीत वाफ्याची उंची कमी ठेवली तरी चालते. कारण तेथे निचऱ्यापेक्षा ओल टिकविण्याचा प्रश्न मोठा असतो.

विहिरीचे माप

संच विकत घेण्यापूर्वी विहीर मोजावी. दोरीला दगड बांधून, दोरीवर हातभर अंतराने गाठी मारून पाण्याची पातळी पाहणे हे काम घरातील कोणीही करू शकेल. सायंकाळी पंप बंद केल्यावर पातळी नोंदवावी व दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पंप न चालविता ती पुन्हा नोंदवावी. चोवीस तासांत पाणी जितके चढले, तितकी त्या विहिरीची रोजची आवक होय.

समजा, विहीर गोल असून तिचा व्यास ६ मीटर आहे. तिच्या पाण्याचे पृष्ठक्षेत्र सुमारे २८ चौरस मीटर भरते. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर चढली की सुमारे २८३ लिटर पाणी आले. चोवीस तासांत पाणी २० सेंटिमीटर चढत असेल, तर आवक सुमारे ५,६५० लिटर झाली. त्यातून घरची व गुरांची गरज म्हणून ५०० लिटर वजा केल्यास शेतीसाठी ५,१५० लिटर उरतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. पौषात भरणारी विहीर चैत्रात तशी भरत नाही. हिवाळ्यातील माप पाहून उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरविले तर फसगत होते. उन्हाळी पीक घ्यावयाचे असल्यास आदल्या वर्षीच्या चैत्र-वैशाखातील मापच प्रमाण मानावे. अशी नोंद नसेल, तर या वर्षी पीक कमी क्षेत्रावर घेऊन नोंदी ठेवण्यास आरंभ करावा. एका वहीत दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी लिहून ठेवली, तर दोन-तीन वर्षांत शेतकऱ्याला आपल्या विहिरीचा स्वभाव कळतो.

पिकाला किती पाणी लागते?

पिकाची गरज मुख्यतः बाष्पीभवनावर अवलंबून असते. कृषी विद्यापीठे व हवामान केंद्रे उघड्या पात्रातून रोज किती मिलिमीटर पाण्याची वाफ होते, याची नोंद ठेवतात. त्या आकड्याला साधारणतः ०.७ ने गुणतात, आणि आलेल्या गुणाकाराला पुन्हा पिकाच्या वाढीनुसार ठरणाऱ्या गुणकाने गुणतात. रोपे लहान असताना हा गुणक ०.५ च्या आसपास, तर भाजीपाल्याच्या भर वाढीत १ च्या आसपास असतो.

१० गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. वाफ्याच्या मध्यापासून पुढील वाफ्याच्या मध्यापर्यंत १५० सेंटिमीटर अंतर असून वाफ्याचा माथा ९० सेंटिमीटर रुंद आहे असे धरू. म्हणजे पाणी द्यावयाचे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या ६० टक्के झाले. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, हे ध्यानात ठेवले की पुढील हिशेब सोपा आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस बाष्पीभवन ७ मिलिमीटर असल्यास ७ × ०.७ × १ = ४.९ मिलिमीटर. त्याचे ६० टक्के म्हणजे २.९४ मिलिमीटर. १,००० चौरस मीटरला २,९४० लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास प्रत्यक्षात रोज सुमारे ३,२७० लिटर द्यावे लागतील. एप्रिलमध्ये बाष्पीभवन १० मिलिमीटरवर गेले, की हीच गरज सुमारे ४,६७० लिटर होते. पिकाची पाने सरीवर पसरू लागली, तर हा आकडा आणखी थोडा वाढवावा.

आता तुलना पाहा. मोकाट पद्धतीत एका पाळीला ६ सेंटिमीटर पाणी दिले, तर १० गुंठ्यांना ६०,००० लिटर लागतात. फेब्रुवारीत तेवढ्याच पाण्यावर ठिबकने १८ दिवस निघतात. मोकाट पाण्याची पाळी मात्र आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. बचत सुमारे निम्मी झाली.

आणि याच ठिकाणी मोह उत्पन्न होतो. पाणी निम्मे वाचले, तर क्षेत्र दुप्पट का करू नये? वर सांगितलेल्या विहिरीची शेतीसाठीची आवक ५,१५० लिटर आहे. एप्रिलमध्ये १० गुंठ्यांना ४,६७० लिटर लागतात. म्हणजे ती विहीर १० गुंठे सुखाने सांभाळील. २० गुंठे केल्यास रोज ९,३४० लिटर लागतील व दररोज सुमारे ४,१९० लिटरची तूट येईल. विहिरीत दोन मीटर पाण्याचा साठा असला, तरी तो दोन आठवड्यांत संपेल. रोपे, खते, मजुरी असा सर्व खर्च होऊन गेल्यावर आणि फळे पोसत असताना ही तूट पुढे येते. वीस गुंठ्यांचे अर्धवट पीक हाती येण्यापेक्षा दहा गुंठ्यांचे पूर्ण पीक केव्हाही श्रेयस्कर होय.

वाफ्यांची तयारी

जमीन खोल नांगरून, ढेकळे फोडून भुसभुशीत करावी. १० गुंठ्यांस सुमारे दोन टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेणखत टाळावे. त्यामुळे हुमणी व वाळवी यांचा उपद्रव वाढतो. वाफ्याचा माथा ९० सेंटिमीटर, सरी ६० सेंटिमीटर व उंची भारी जमिनीत ३० सेंटिमीटरपर्यंत, हलक्या जमिनीत १५ ते २० सेंटिमीटर ठेवावी. वाफे शक्यतो उताराला आडवे घ्यावेत, म्हणजे उपनळीच्या पहिल्या व शेवटच्या तोटीतील दाबात फार फरक पडत नाही. सऱ्यांना मात्र पावसाचे पाणी निघून जाण्याइतका किंचित ढाळ हवा. वाफ्याचा माथा सपाट करणे महत्त्वाचे आहे. माथा कुबडा राहिला तर पाणी ओघळून सरीत उतरते आणि रोप कोरडे राहते.

संचाची मांडणी

विहिरीकडून येणारे पाणी प्रथम गाळणीतून गेले पाहिजे. विहिरीच्या स्वच्छ पाण्यास जाळीची किंवा चकत्यांची गाळणी पुरते. शेततळ्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यात शेवाळ असते. तेथे वाळूची गाळणी आधी व जाळीची गाळणी नंतर बसवावी. गाळणीच्या अलीकडे व पलीकडे दाबमापक असावेत. दोन्हींतील फरक प्रति चौरस सेंटिमीटर अर्ध्या किलोग्रॅमवर गेला, की गाळणी तुंबली असे समजून ती धुवावी. गाळणीवर पैसे वाचविणारा शेतकरी पुढे तोट्यांवर ते दुपटीने खर्च करतो.

गाळणीनंतर मुख्य नळी, तिला जोडलेली उपमुख्य नळी आणि तिच्यातून प्रत्येक वाफ्यावर जाणारी १६ मिलिमीटर व्यासाची उपनळी, असा क्रम असतो. उन्हाने लवकर खराब होणाऱ्या पीव्हीसी नळ्या जमिनीत दीड-दोन फूट खोल पुराव्यात. उपनळीतच ठरावीक अंतरावर तोट्या बसविलेल्या असतात तो 'इनलाइन' प्रकार भाजीपाल्यास सोयीचा आहे. भारी जमिनीत पाणी आडवे पसरते, म्हणून तोट्यांतील अंतर ४० ते ५० सेंटिमीटर चालते. हलक्या जमिनीत ते सरळ खाली उतरते, म्हणून ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

आपल्या उदाहरणातील ४० × २५ मीटरच्या तुकड्यात २५ मीटर लांबीचे २६ वाफे बसतात. उपनळ्यांची लांबी ६५० मीटर होते. ४० सेंटिमीटरवर एक याप्रमाणे १,६२५ तोट्या, आणि प्रत्येक तोटी ताशी २ लिटर पाणी देणारी असेल तर संपूर्ण संच ताशी ३,२५० लिटर पाणी देईल. म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस साधारण एक तास, एप्रिलमध्ये सुमारे दीड तास आणि रोपे लहान असताना अर्धा तास पुरेसा होतो. पंपाची क्षमता याहून बरीच अधिक असते. जादा पाणी वळण-नळीने विहिरीत परत सोडावे, नाहीतर वाढलेल्या दाबाने जोड निसटतात.

प्रत्येक उपनळीचे टोक दुमडून बंद करण्याची व उपमुख्य नळीच्या टोकाला धुण्याची तोटी बसविण्याची व्यवस्था करावी. नळ्या, तोट्या व गाळणी यांवर भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा आहे याची खरेदीच्या वेळी खात्री करून घ्यावी.

वाटीची परीक्षा

संच बसविल्यावर तो सर्वत्र सारखे पाणी देतो की नाही, हे पाहण्यास कोणताही तंत्रज्ञ लागत नाही. पहिल्या, मधल्या व शेवटच्या वाफ्यावर प्रत्येकी सुरुवातीची, मधली व टोकाची अशा नऊ तोट्यांखाली वाट्या ठेवाव्यात. बरोबर सहा मिनिटे पाणी सोडून प्रत्येक वाटीतील पाणी मापाच्या नळीने मोजावे. ताशी २ लिटरच्या तोटीखाली सहा मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. कोठे १८० मिलिलिटरहून कमी भरले, तर गळती, दाब किंवा तुंबलेली तोटी यांचा शोध घ्यावा. बसविणाऱ्या कारागिरासमोरच ही परीक्षा करावी, आणि नंतर प्रत्येक हंगामाच्या आरंभी ती पुन्हा करावी.

पाणी व खत

पाणी शक्यतो सकाळी द्यावे. हिशेबाने निघालेला वेळ ही सुरुवात आहे. अंतिम निर्णय मातीला विचारून घ्यावा. रोपापासून वीतभर अंतरावर, वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. तिचा लाडू होऊन बोटाच्या हलक्या दाबाने फुटला, तर वाफसा आहे. लाडू झालाच नाही तर पाणी कमी पडते. माती हाताला चिकटून ओली पट्टी राहिली तर पाणी जास्त होते. वाफा वरून कोरडा दिसतो म्हणून पाणी वाढवू नये. वाफ्यावर उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा प्लास्टिकचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन व तण दोन्ही कमी होतात.

पाण्यात पूर्ण विरघळणारी खते ठिबकमधून देता येतात. युरिया व पांढरे पोटॅश चांगले विरघळतात. सिंगल सुपर फॉस्फेट विरघळत नाही. ते लागवडीपूर्वी मातीतच मिसळावे. कॅल्शियमयुक्त खत व फॉस्फेट किंवा सल्फेटयुक्त खत एकाच वेळी सोडू नये. त्यांचा साका होऊन तोट्या बंद पडतात. खत देण्याच्या दिवशी पाण्याच्या एकूण वेळेपैकी पहिला चतुर्थांश साधे पाणी, मधला अर्धा वेळ खताचे पाणी व शेवटचा चतुर्थांश पुन्हा साधे पाणी, असा क्रम ठेवावा. शेवटी साधे पाणी न दिल्यास खत नळीतच राहते.

देखभाल

आठवड्यातून एकदा उपनळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत त्या धुवाव्यात. क्षारयुक्त पाण्यामुळे तोट्यांवर पांढरा थर बसतो. त्यासाठी आम्लप्रक्रिया करतात. पाण्याचा सामू ४ होईल इतके आम्ल सोडून संच चोवीस तास बंद ठेवतात व नंतर धुऊन काढतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. शेवाळाने व बुळबुळीत थराने तोट्या तुंबल्या असतील, तर ब्लीचिंग पावडरची क्लोरीनप्रक्रिया उपयोगी पडते. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही प्रक्रिया पहिल्या वेळी कृषी सहायकाच्या देखरेखीखालीच कराव्यात.

ठिबकच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला क्षार साठत जातात, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. वळवाच्या पहिल्या हलक्या सरीने ते विरघळून मुळांकडे उतरतात व पीक एकाएकी मलूल होते. म्हणून हलका पाऊस सुरू झाल्यावर संच लगेच बंद न करता थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे क्षार मुळांपासून दूर राहतात. भरपूर पाऊस झाल्यावर ते आपोआप खोल जातात.

परसबागेसाठी छोटा संच

ज्यांच्याजवळ विहीर नाही, परंतु घराजवळ चाळीस चौरस मीटर जागा आहे, त्यांनाही ही पद्धत अवलंबिता येईल. साडेसहा मीटर लांबीचे चार गादीवाफे करून २०० लिटरचे पिंप एक मीटर उंच ओट्यावर ठेवावे. पिंपाच्या तोंडाला दुहेरी फडके बांधून पाणी गाळून भरावे व पिंपाच्या तोटीनंतर छोटी जाळीची गाळणी बसवावी. वरील हिशेबाने या बागेस फेब्रुवारीत रोज सुमारे १३० लिटर व एप्रिलमध्ये सुमारे १९० लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसास एक पिंप पुरते. एक मीटर उंचीचा दाब नेहमीच्या दाबाच्या एक दशांश असल्याने साधी तोटी सुमारे एक तृतीयांश पाणी देते. त्यामुळे एक तासाचे काम तीन तासांत होईल, एवढाच फरक. दाब-नियंत्रित तोट्या मात्र इतक्या कमी दाबावर चालत नाहीत. त्या घेऊ नयेत. अंघोळीचे किंवा भांड्यांचे साबणमिश्रित पाणी पिंपात भरू नये. वांगी, मिरची, टोमॅटो, मेथी, पालक अशा भाज्या या चार वाफ्यांवर आलटून पालटून घेता येतात.

शासनाचे साहाय्य

केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के व इतर शेतकऱ्यांना ४५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ व ३० टक्के पूरक अनुदान देण्याचा निर्णय घेतला. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी संचाची खरेदी करू नये, अन्यथा अनुदानाचा हक्क जातो. चालू वर्षाचे दर व अटी यांची माहिती तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून करून घ्यावी.

वाचलेल्या पाण्याचे काय?

एका गावच्या विहिरी वरवर वेगळ्या दिसल्या, तरी त्यांचे झरे जमिनीखाली एकच असतात. एकाने ठिबक बसवून वाचविलेले पाणी त्याच वर्षी वाढीव क्षेत्रावर घातले, तर गावच्या भूजलात भर पडत नाही. ते पाणी विहिरीतच राहू दिले, तर त्याच्या गुरांना वैशाखात पाणी मिळते आणि शेजारच्या विहिरीलाही चार दिवस अधिक तग धरता येतो. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने या हंगामात तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत : विहिरीची रोजची आवक, पिकाची रोजची गरज आणि वाटीत भरलेले पाणी. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा आहे आणि तिसरा सर्वत्र सारखा आहे, अशी खात्री झाली म्हणजे निर्धास्तपणे रोपे लावावीत.